‘भेटेन नऊ महिन्यांनी’ : नकाराचे स्वरूप

सोलापूरचे कवी कुंजविहारी यांच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या कवितेत फाशी जाणारा क्रांतिकारक सत्तेशी नव्हे, तर मातेशी बोलतो. मृत्यूची भीती हे दमनकारी सत्तेचे अंतिम शस्त्र होय. पुनर्जन्माच्या निर्धाराने तो ते निष्प्रभ करतो. देह शासनाच्या हाती असला तरी परतण्याचा निर्णय त्याचाच आहे. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात झालेली फाशी पाहता सोलापूरकरांना ही कविता अधिक जवळची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पुत्राच्या या स्वातंत्र्यासाठी प्रसववेदना पुन्हा मातेनेच सोसावयाच्या आहेत आणि तिचा होकार गृहीत धरलेला आहे. कवितेचे सामर्थ्य आणि मर्यादा येथेच एकत्र येतात.