दुरुस्तीची वही कोण तपासणार?
(‘एफएससीके’ या संगणक-आज्ञावलीचे एक परीक्षण)

शाळेच्या जनरल रजिस्टरातील चूक कशी दुरुस्त करावी हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. जुनी नोंद ब्लेडने खरवडायची नाही, तिच्यावर पांढरी शाई फासायची नाही. जुने अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर नवी नोंद करायची, बदलाचा आधार लिहायचा आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. हा खटाटोप कशासाठी? दुरुस्ती करणारा माणूसही चुकू शकतो म्हणून. आणि त्याची चूक मूळ चुकीपेक्षा घातक असते, कारण ‘दुरुस्त केले’ म्हटल्यावर पुन्हा कोणी तपासत नाही.

संगणकाच्या डिस्कवरही असे एक रजिस्टर असते. ते बिघडले तर दुरुस्त करणारी आज्ञावलीही असते. युनिक्स आणि त्याच वळणाच्या लिनक्स प्रणालींमध्ये तिला ‘एफएससीके’ म्हणतात. ही आज्ञावली जनरल रजिस्टराच्या कसोटीला कितपत उतरते, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत.

प्रथम हे रजिस्टर म्हणजे काय ते पाहू. डिस्कवर केवळ आपली गुणपत्रके आणि प्रश्नपत्रिका नसतात. त्या कोठे ठेवल्या आहेत याच्या नोंदीही तेथेच असतात. ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि त्यांची कार्डे वेगळ्या खणात असतात, तसेच हे आहे. युनिक्समध्ये प्रत्येक फाईलचे एक कार्ड असते, त्याला आयनोड म्हणतात. फाईल केवढी, कोणाची, कधी बदलली आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांत आहे, हे त्यावर असते. फाईलचे नाव मात्र या कार्डावर नसते. नाव आणि कार्डाचा क्रमांक यांची जोडी डिरेक्टरीत असते. शिवाय कोणते ठोकळे रिकामे आहेत याचा एक तक्ता असतो, आणि साऱ्या व्यवस्थेचा गोषवारा सुपरब्लॉक नावाच्या ठोकळ्यात असतो. या सर्वांना मिळून मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीविषयीची माहिती.

एक नवी फाईल करायची तर यांपैकी अनेक ठिकाणी लिहावे लागते. डिस्क ही सर्व लिखाणे एकाच क्षणी करू शकत नाही. दोन लिखाणांच्या मध्ये वीज गेली, की एक नोंद दुसरीशी जुळेनाशी होते. कार्ड म्हणते ठोकळा माझा, तक्ता म्हणतो ठोकळा रिकामा. तक्त्यावर विश्वास ठेवून संगणकाने तेथे दुसरी फाईल लिहिली, की पहिली गेलीच.

सत्तरच्या दशकात युनिक्सवर हे काम इचेक, डीचेक अशा सुट्या आज्ञा वापरून बरेचसे हाताने करावे लागे. टी. जे. कोवाल्स्की यांनी ते एकत्र गुंफले आणि एफएससीके तयार झाली. पुढे बर्कलीच्या युनिक्ससाठी मार्शल कर्क मॅकक्युसिक यांनी ती वाढवली. लिनक्सच्या एक्स्ट-टू आणि तिच्या वंशातील एक्स्ट-थ्री, एक्स्ट-फोर या रचनांसाठी असलेली ‘ई-टू-एफएससीके’ ही थिओडोर त्सो यांनी घडवली. आमचे परीक्षण मुख्यतः हिच्याविषयी आहे.

आधी गुण पाहू. तपासणीचा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. प्रथम सर्व आयनोड, मग डिरेक्टऱ्या, मग त्या मूळ डिरेक्टरीशी जोडलेल्या आहेत की नाहीत, मग एका फाईलला किती नावे आहेत त्याची मोजणी, आणि शेवटी रिकाम्या ठोकळ्यांचा तक्ता. जी गोष्ट इतर नोंदींवरून पुन्हा मोजून काढता येते, तिच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवलेला आहे. सुपरब्लॉक खराब झाला तर डिस्कवर अन्यत्र ठेवलेल्या त्याच्या प्रतींपैकी एक वापरता येते. ज्या फाईलचे नाव हरवले ती फेकून न देता ‘लॉस्ट+फाउंड’ या डिरेक्टरीत तिच्या आयनोड-क्रमांकानेच ठेवली जाते. आज्ञावली येथे नाव बनवत नाही, ही गोष्ट आम्हाला विशेष आवडली. नाव ठाऊक नसलेल्या मुलाचे नाव अंदाजाने रजिस्टरात कोणी लिहू नये.

आणखी एक मोठा गुण म्हणजे ‘पी’ ही पद्धत. या पद्धतीत आज्ञावली माणसाला काही न विचारता फक्त निर्धोक दुरुस्त्या करते. त्यापलीकडचे काही दिसले तर ती थांबते आणि माणसाला बोलावते. आपल्या कुवतीची सीमा ओळखणारी दुरुस्ती ती हीच.

आता दोष. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष ठोकळा वाचता न येण्याच्या प्रसंगी दिसतो. ‘येथे काही नाही’ आणि ‘येथे काय आहे ते मला वाचता आले नाही’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले डिस्कविषयी आहे, दुसरे वाचणाऱ्याविषयी. बर्कलीच्या जुन्या माहितीपत्रकात अशा प्रसंगापुढे, हे कधी घडू नये, एखाद्या गुरूला गाठा, अशा अर्थाचा शेरा आहे. सल्ला अगदीच वाईट नव्हता. ई-टू-एफएससीके मात्र अशा वेळी विचारते : चुकीकडे दुर्लक्ष करू? ‘हो’ म्हटले की पुढचा प्रश्न येतो : बळेच पुन्हा लिहू? पुन्हा ‘हो’ म्हटले की न वाचता आलेल्या ठोकळ्यावर, संगणकाच्या स्मृतीत त्या जागी जे काही असेल ते लिहिले जाते. असे करण्यामागे कारण आहे. नव्याने लिहिले की डिस्क खराब जागेऐवजी राखीव जागा वापरू लागते. पण तो ठोकळा कदाचित चौथ्या प्रयत्नात वाचता आला असता. आता ती शक्यता उरली नाही.

हे दोन प्रश्न कोणाला विचारले जातात? पडद्यासमोर जो बसला असेल त्याला. त्या ठोकळ्यात काय होते हे त्याला ठाऊक नसते. पंचवीसतीस प्रश्नांनंतर तो कंटाळतो आणि ‘वाय’ ही खूण देऊन आज्ञावली पुन्हा चालवतो. या खुणेचा अर्थ ‘सर्व प्रश्नांना हो’. म्हणजे खराब डिस्कवर ‘बळेच लिही’ यालाही आगाऊ संमती. विद्यार्थ्याने प्रश्न न वाचता सर्व विधानांपुढे ‘बरोबर’ लिहावे, असाच हा प्रकार. आमच्या मते हा दोष माणसाचा कमी आणि प्रश्न विचारणाऱ्याचा अधिक आहे. जुन्या नोंदी जुळवण्याची संमती आणि न वाचलेले पुसण्याची संमती या एकाच ‘हो’मध्ये बसवायला नको होत्या.

चुकांकडे काणाडोळा करण्याची ही सवय एका आज्ञावलीपुरती नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली लिनक्सच्या फाईल-रचना आणि डिस्कचालक आज्ञावल्या तपासल्या. एका भागाने ‘चूक झाली’ असे कळवले आणि ते ऐकणाऱ्या भागाने काहीच केले नाही, अशी १,१५३ ठिकाणे त्यांना सापडली. तपासलेल्या ठिकाणांपैकी ही सुमारे १३ टक्के होती. वाचण्यातील चुकांपेक्षा लिहिण्यातील चुकांकडे अधिक दुर्लक्ष झाले होते. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः लिहिणेच, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. दुरुस्ती लिहिली, ती डिस्कवर पोचली नाही, आणि तरी ‘झाले’ असे सांगितले, तर यापेक्षा दुरुस्ती न केलेली बरी.

दुसरा दोष तत्त्वाचा आहे. एफएससीके नोंदी एकमेकींशी जुळवते. जुळणे आणि खरे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा, दोन कार्डे एकाच ठोकळ्यावर हक्क सांगत आहेत. ई-टू-एफएससीकेचा नेहमीचा उपाय असा, की त्या ठोकळ्याची नक्कल करून दोघांना एकेक द्यायची. भांडण मिटले, नोंदी जुळल्या. पण मजकूर तर एकाचाच होता. आता एका वर्गाच्या निकालात दुसऱ्या वर्गाचे गुण शिरलेले आहेत, आणि रजिस्टर मात्र निर्दोष दिसते.

विस्कॉन्सिनच्याच हर्यादी गुणावी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ई-टू-एफएससीकेची बारकाईने चिकित्सा केली. कार्डावरची एक खूण चुकून भलत्याच ठोकळ्याकडे बोट दाखवत असेल, तर आज्ञावली त्या निर्दोष ठोकळ्यालाच खुणांची यादी समजते आणि त्यातील ‘चुका’ सुधारू लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे रोगी सोडून शेजाऱ्यावर शस्त्रक्रिया. त्यांनी सुचवलेला मार्ग आम्हाला पटतो. सर्व नोंदी आधी एका कोष्टकात गोळा कराव्यात, कोण कोणाशी विसंगत आहे हे प्रश्नांच्या भाषेत मांडावे, आणि सर्व साक्षी ऐकून झाल्यावरच निकाल द्यावा. तपासता तपासता दुरुस्त करत जाणे येथे नडते.

तिसरा दोष परतीच्या वाटेचा. दुरुस्ती जागच्या जागी होते. मध्येच वीज गेली तर? २०१६ साली अमेरिकेत टेक्सास येथील एका मोठ्या संगणन-केंद्रात हेच घडले. वीज गेली, परत आली, तपासणी सुरू झाली आणि ती चालू असतानाच वीज पुन्हा गेली. बरीच माहिती गमावली गेली. पुढे न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला आणि २०१८ साली निष्कर्ष मांडला, की अर्धवट राहिलेली दुरुस्ती डिस्कला अशा अवस्थेत नेऊ शकते, की तीच आज्ञावली पुन्हा पूर्ण चालवूनही ती सुधारत नाही. ई-टू-एफएससीकेत बदल उलटवण्यासाठी एक वही ठेवण्याची सोय आहे. पण जुनी नोंद वहीत आधी पोचेल आणि डिस्कवरचा बदल नंतर होईल, याची हमी त्या वेळी नव्हती. आपल्याकडच्या शाळांत वीज कशी जाते हे वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा हा प्रश्न परदेशापुरता नाही. गंमत अशी, की १९९३ च्या एमएस-डॉस ६.२ मधील स्कॅनडिस्क ही साधी आज्ञावलीसुद्धा दुरुस्तीपूर्वी ‘पूर्ववत करण्याची’ फ्लॉपी बनवून देऊ शकत असे.

एफएससीकेची बाजूही सांगायला हवी. ती जन्मली तेव्हा एका संगणकावर अनेक माणसे अवलंबून असत. संगणक लवकर सुरू व्हावा आणि बिघडलेल्या नोंदींमुळे पुन्हा कोसळू नये, एवढेच तिचे काम होते. ती चालवणारा माणूस जाणकार असे. आज तीच आज्ञावली कार्यालयातील कोणाच्याही हाती येते. शिवाय बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या जर्नल-पद्धतीमुळे वीज गेल्यानंतरचा नेहमीचा घोळ आता बहुधा तिच्याविनाच निस्तरतो. तिच्याकडे जी प्रकरणे येतात ती अधिक अवघड असतात. खराब डिस्क, खराब स्मृती, आज्ञावलीतील चूक. साधन सोप्या रोगासाठी घडले आणि वाट्याला अवघड रोग आले, असे हे झाले आहे.

तेव्हा प्रसंग आलाच तर काय करावे? डिस्क वापरात असताना दुरुस्ती चालवू नये. वाचण्यातच अडचण येत असेल तर आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल घ्यावी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली चांगली. ती सहज वाचता येणारा भाग आधी घेते आणि कोणता भाग वाचता आला नाही याची नोंद ठेवते. मग त्या नकलेवर ‘एन’ ही खूण देऊन तपासणी करावी. या पद्धतीत आज्ञावली फक्त सांगते, काही लिहीत नाही. अहवाल वाचून मगच दुरुस्ती करावी, तीही नकलेवर. शेवटी मिळणारा आकडा अवश्य पाहावा. १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे काही तशाच राहिल्या, ८ म्हणजे काम करतानाच अडचण आली. हे आकडे बेरजेने येतात. १२ आला तर ४ आणि ८ दोन्ही गोष्टी घडल्या. दोनच्या घातांची बेरीज शिकवताना हे उदाहरण गणिताच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

वर्गात संगणक नसला तरी हा विषय शिकवता येतो. फळ्यावर २४ चौकटी आखा आणि त्यांत चारपाच ‘फाइली’ची अक्षरे भरा. कार्डे, नावांची यादी आणि रिकाम्या चौकटींचा तक्ता कागदावर करा. एका गटाने गुपचूप दोन नोंदी बिघडवाव्यात, दुसऱ्याने मूळ न पाहता दुरुस्त कराव्यात, तिसऱ्याने मुळाशी ताडून पाहावे. बहुतेक वेळा नोंदी जुळलेल्या असतील आणि तरीही एखादी फाईल चुकीची असेल. मग मुलांना विचारा, की दुसऱ्या गटाला ते कशावरून कळले असते? नुसत्या नोंदींवरून कळणे शक्य नव्हते, तिथे मूळ प्रतच हवी होती, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. डिस्कची वेगळी प्रत नियमाने ठेवावी असे आपण सांगतो त्याचे कारण हेच. दुरुस्तीची आज्ञावली त्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

एफएससीके टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. चाळीसहून अधिक वर्षे तिने असंख्य डिस्का पुन्हा चालू केल्या आहेत. आमची मागणी एवढीच आहे, की जे वाचता आले नाही ते तिने पुसू नये, जे बदलले ते परत फिरवता यावे, आणि जे ठरवता आले नाही ते तिने तसे स्पष्ट सांगावे. शाळेच्या कारकुनाकडून आपण एवढी अपेक्षा नेहमीच करत आलो आहोत.