सूर्य नक्की किती उंचावर? सपाट पृथ्वीवाल्यांचं विश्व तपासताना

सपाट पृथ्वीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर सगळे हसतात, नाहीतर कुणीतरी उपग्रहाचा फोटो पुढे करून विषय संपवतं. त्या फोटोला समोरचा 'खोटा' म्हणणार हे ठरलेलंच असतं. वाद तिथेच थांबतो आणि मुख्य काम राहून जातं: त्यांचं म्हणणं नीट मांडायचं आणि त्यांच्याच गृहीतकांवर ते तपासायचं. पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांनी हे एकदा तरी करून बघावं. मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण 'फॉल्सिफिकेशन', 'अ‍ॅड हॉक गृहीतक' हे शब्द पाठ करतो, इथे ते चालताबोलता दिसतात. तेव्हा आज फोटो नाही, नासा नाही. फक्त त्यांचं मॉडेल आणि दहावीची त्रिकोणमिती.

मॉडेल थोडक्यात असं. पृथ्वी ही तबकडी. उत्तर ध्रुव मधोमध, आणि अंटार्क्टिका म्हणजे कडेला गोल फिरलेली बर्फाची भिंत. सूर्य आणि चंद्र दोघेही साधारण ५० किलोमीटर रुंदीचे, सुमारे ५,००० किलोमीटर उंचीवर, ध्रुवाभोवती चकरा मारतात. सूर्याची चक्कर लहान-मोठी होते म्हणून ऋतू. ग्रहांबद्दल मात्र त्यांच्यातच दोन तट आहेत. एक गट म्हणतो ग्रह म्हणजे घुमटातले 'भटके तारे', नुसते दिवे, त्यांना घन पृष्ठभागच नाही. दुसरा गट म्हणतो, ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि तो सगळा लवाजमा आपल्या डोक्यावरून फिरतो.

आधुनिक काळात हे सगळं सुरू झालं ते सॅम्युअल रोबोथम या इंग्रज गृहस्थापासून. 'पॅरॅलॅक्स' या टोपणनावाने त्याने १८४९ मध्ये पुस्तिका काढली आणि १८६५ मध्ये तिचं जाडजूड पुस्तक केलं. त्याची पद्धत ऐकायला आपल्याला आवडेल अशी होती: थिअरी नको, आधी डोळ्यांनी बघा. १८३८ मध्ये तो बेडफर्ड लेव्हल इथल्या सरळसोट कालव्यात उतरला, डोळा पाण्यापासून फक्त २० सेंटिमीटर वर ठेवला, आणि जवळजवळ दहा किलोमीटर दूर जाणारी होडी दुर्बिणीतून पाहत राहिला. पृथ्वी गोल असेल तर तिचा दीड मीटर उंचीचा झेंडा दृष्टिरेषेच्या साडेतीन मीटर खाली जायला हवा होता. पण झेंडा दिसत राहिला. निष्कर्ष: पाणी सपाट.

निरीक्षण खोटं असायची गरज नाही, हे लक्षात घ्या. थंड पाण्यालगत हवेचे थर असे बसतात की प्रकाश खाली वाकतो आणि वक्रतेमागे दडलेली वस्तू दिसते. रोबोथमने डोळा नेमका अशा ठिकाणी ठेवला होता जिथे ही गडबड सगळ्यात जास्त. १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने (होय, डार्विनबरोबर उत्क्रांतीवाला तोच) ५०० पौंडांच्या पैजेवर त्याच कालव्यात प्रयोग केला. दृष्टिरेषा पाण्यापासून चार मीटर उंच नेली आणि मध्ये तिसरी खूण ठेवली. मधली खूण वर आलेली दिसली. जॉन हॅम्पडेनच्या बाजूच्या पंचाने त्याच दुर्बिणीतून पाहून बरोबर उलटा निष्कर्ष काढला, हॅम्पडेन पुढे वर्षानुवर्षं वॉलेसची बदनामी करत राहिला आणि त्यासाठी तुरुंगातही गेला. बिचारा वॉलेस पैज जिंकूनही पैशाच्या हिशेबात बुडाला.

मला या गोष्टीत 'तिसरी खूण' महत्त्वाची वाटते. का, ते सूर्याच्या उंचीकडे आलो की कळेल.

५,००० किलोमीटर हा आकडा येतो कुठून? विषुवदिनी दुपारी सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. त्याच दिवशी ४५ अंश अक्षांशावर, समजा इटलीतल्या तुरीनमध्ये, तो क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसतो. तुरीन विषुववृत्तापासून ५,००० किलोमीटर. जमीन सपाट धरली की काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सूर्य ५,००० किलोमीटर वर. गणित चोख आहे! इराटोस्थेनीसने सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला, त्यातही मोजमापं याच जातीची होती. फरक एवढाच की त्याने सूर्य खूप लांब धरला आणि जमीन गोल. जुन्या चिनी 'झोउबी' ग्रंथातही जमीन सपाट धरून सावल्यांवरून सूर्याची उंची काढली आहे, ८०,००० ली. दोन ठिकाणांच्या मोजमापांवर दोन्ही मॉडेलं सारखीच बसतात.

आता तिसरं ठिकाण घ्या. त्याच दिवशी मुंबईत दुपारी सूर्य ७१ अंशांवर असतो, आणि मुंबई विषुववृत्तापासून सुमारे २,११० किलोमीटर. तेच सूत्र: २,११० गुणिले टॅन ७१. उंची ६,१०० किलोमीटरच्या पुढे. हेलसिंकीत, साधारण ६० अंशांवर, ३,८५० च्या आसपास. ७८ अंशांवरच्या लाँगयिअरबायेनला १,८५०. आणि ध्रुवावर सूर्य क्षितिजावरच, म्हणजे उंची शून्य. एकच दिवस, एकच सूर्य, पाच ठिकाणं, पाच उंच्या. गंमत म्हणजे विषुववृत्ताच्या जितकं जवळ मोजाल तितकं उत्तर ६,३७० किलोमीटरकडे सरकत जातं. पृथ्वीची त्रिज्या! सपाट जमीन गृहीत धरून केलेल्या चुकीच्या गणितातून गोलाची त्रिज्या डोकावते, हे मला पहिल्यांदा वहीत दिसलं तेव्हा मी उठून चहा करून आले.

सूर्यास्ताची अडचण याहून जुनी आहे. त्यांच्या नकाशावर विषुवदिनी संध्याकाळी मुंबईपासून सूर्य जास्तीत जास्त १२,७०० किलोमीटर लांब असतो. उंची ५,००० धरली तर तो क्षितिजापासून २१ अंश वर हवा. बुडायला हवाच कशाला? शिवाय दुपारच्या तुलनेत त्याचं बिंब पाचातलं दोन भाग एवढंच दिसायला हवं. आणि दिशा? चौरस कागदावर काढून बघा: त्या सकाळी सूर्य मुंबईला पूर्वेपासून ३८ अंश उत्तरेकडे उगवायला हवा. प्रत्यक्षात जूनच्या सर्वात मोठ्या दिवशीसुद्धा तो आपल्याकडे जेमतेम २५ अंश उत्तरेकडे सरकतो, आणि विषुवदिनी तर थेट पूर्वेला उगवतो.

हे दोन्ही आक्षेप माझे नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या गोलाध्यायात हेच विचारलं आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर वर फिरणारा सूर्य, कितीही लांब गेला तरी, माणसांना सतत का दिसत नाही? मेरू पर्वताच्या आड जाऊन रात्र होत असेल तर मेरू मध्ये दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला आहे, मग सूर्य दक्षिणेकडच्या भागात उगवतो तो कसा? शिवाय जमीन सपाट का भासते याचंही कारण त्यांनी तिथेच दिलं आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो. ज्यांच्या नातवाने पाटण्याला (चाळीसगावजवळ) शिलालेख कोरून घेतला, त्या माणसाने नऊशे वर्षांपूर्वी मिटवलेला प्रश्न आज व्हिडिओत नव्याने विचारला जातो. असो.

यावर उत्तरं आहेत, नाही असं नाही. पहिलं उत्तर 'पर्स्पेक्टिव्ह': रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र येतात तसा सूर्य क्षितिजाला टेकतो. पण रूळ एकत्र येतात तेव्हा रुळांमधलं अंतर लहानही दिसतं. सूर्य अर्ध्या अंशाचाच राहतो आणि खालून कापल्यासारखा बुडतो. मग म्हणतात, हवा भिंगासारखं काम करते आणि त्याला मोठं करते; नेमकं तेवढंच, रोज, सगळीकडे. दुसरं उत्तर जास्त हुशारीचं: प्रकाश सरळ जातच नाही, तो वर वाकतो. त्यासाठी एक सूत्रही दिलं जातं, ज्यातल्या स्थिरांकाची किंमत कुणी मोजलेली नाही.

इथे थांबून रोबोथमचा कालवा आठवा. तिथे सगळा युक्तिवाद 'प्रकाश सरळ जातो' यावर उभा होता. झेंडा दिसला, प्रकाश सरळ, म्हणून पाणी सपाट. सूर्यास्तासाठी प्रकाश वाकडा करायचा असेल तर कालव्याचा पुरावा हातातून जातो. तो ठेवायचा असेल तर सूर्यास्त समजावता येत नाही. एक तर हे, नाहीतर ते. व्हिडिओंमध्ये मात्र दोन्ही दहा मिनिटांच्या अंतराने येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पुरावे दुप्पट झाले. माझ्या मते या संपूर्ण विचारसरणीचं सर्वात कच्चं अंग हेच आहे. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं, पण सगळी उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी कधीच लिहिली जात नाहीत.

ग्रहांकडे येऊ. 'नुसते दिवे' म्हणणारे पुरावा म्हणून निकॉनच्या पी९०० कॅमेऱ्याने, ८३ पट झूम करून, शुक्राचं थरथरणारं, पाण्यातल्यासारखं बिंब दाखवतात. फोकस चुकला आहे, एवढंच. तोच कॅमेरा नीट फोकस केला तर त्यात शुक्राची कोर दिसते. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिली तीच. ती वाढते, घटते आणि त्याबरोबर बिंबाचा आकारही बदलतो. दिव्याला कला कशा असतील? दुसऱ्या गटाचं मॉडेल कला समजावू शकतं, पण त्यांचे ग्रह काही हजार किलोमीटरवर आहेत. त्यांच्यासाठी खरी अडचण गुरूच्या चंद्रांची.

आयो हा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी गुरूभोवती फेरी मारतो आणि गुरूच्या सावलीत शिरतो. पॅरिसमध्ये ओले रोमरला दिसलं की पृथ्वी गुरूपासून लांब जाते तेव्हा या ग्रहणांना उशीर होत जातो. १६७६ मध्ये त्याने आधीच जाहीर केलं की नोव्हेंबरमधलं एक ग्रहण दहा मिनिटं उशिरा होईल. तसंच झालं. कारण प्रकाशाला ते जास्तीचं अंतर कापायला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला सुमारे साडेसोळा मिनिटं. गुरू ५,००० किलोमीटरवर असेल तर प्रकाश साठाव्या भागाच्या सेकंदात इथे पोचतो. मिनिटांचा उशीर कुठून आणायचा? या प्रश्नाला 'पर्स्पेक्टिव्ह' लावता येत नाही. लहान दुर्बीण, घड्याळ आणि चिकाटी असेल तर हे मोजणं कॉलेजच्या गच्चीवरूनही होतं.

ग्रहणांचं त्यांचं स्पष्टीकरण आपल्याला जरा ओळखीचं वाटेल: चंद्रापुढून एक न दिसणारी काळी वस्तू जाते. म्हणजे राहूच की, इंग्रजी कपड्यांतला. वेळा कशा सांगता, विचारलं की 'सारोस' चक्राकडे बोट दाखवतात: १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तासांनी तशीच ग्रहणं परत येतात. हे खरं आहे. पण त्या ८ तासांत पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण १२० अंश पश्चिमेला सरकतं. सूर्यग्रहणाचा पट्टा कोणत्या गावावरून जाणार आणि कोणत्या गावाला चुकणार, हे सारोस सांगत नाही. त्यासाठी भूमितीच लागते, आणि ती भूमिती गोलाची आहे.

आता न्यायाचा प्रश्न. ठिगळं तर शास्त्रज्ञही लावतात, मग फरक काय? युरेनस गणिताप्रमाणे चालेना तेव्हा न्यूटनचा नियम न टाकता लव्हेरिएने न दिसणारा ग्रह कल्पिला. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये गॅलेने दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच लव्हेरिएने बुधाच्या तक्रारीसाठी 'व्हल्कन' हा ग्रह कल्पिला. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांचा तो हिशेब १९१५ मध्ये आइन्स्टाइनने मिटवला. दोन्ही गृहीतकं कागदावर सारखीच दिसतात. पण दोन्हींनी कुठे बघायचं ते आधी सांगितलं होतं, म्हणून एक जिंकलं आणि दुसरं हरू शकलं. काळ्या वस्तूला कक्षा नाही, वाकड्या प्रकाशाला मोजलेला स्थिरांक नाही. त्यांना हरताच येत नाही.

हे लिहिताना मला माझाच तिसरा चॅप्टर आठवतो. एक रीडिंग रेषेवर बसत नव्हतं आणि मी 'त्या दिवशी आर्द्रता जास्त होती' असं लिहून मोकळी झाले होते. गाईडनी एवढंच विचारलं, "बाकीच्या दिवसांची आर्द्रता पाहिलीस का?" पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा त्याहून दमट दिवसांची रीडिंग्ज अगदी रेषेवर होती.

'बिहाइंड द कर्व्ह' या २०१८ च्या माहितीपटात काही सपाटवादी वीस हजार डॉलरचा लेझर जायरोस्कोप आणतात. तो तासाला १५ अंश सरकलेला दाखवतो, म्हणजे बरोबर पृथ्वीच्या फिरण्याएवढा. तेव्हा ते 'आकाशातल्या ऊर्जे'चं कारण देतात आणि ती ऊर्जा अडवायचे उपाय शोधायला लागतात. त्याच माणसांचं गणित आणि उपकरणं वाईट नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र काही सपाटवाद्यांना अंटार्क्टिकात नेलं गेलं. त्यांच्या नकाशाप्रमाणे तिथे चोवीस तास सूर्य दिसूच शकत नाही. तो दिसला, आभाळभर गोल फिरून आला, आणि त्यातल्या एका नावाजलेल्या प्रचारकाने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की या बाबतीत आपण चुकलो होतो. घरी बसलेल्या अनेकांनी तो व्हिडिओ स्टुडिओत केल्याचं सांगितलं.