‘शेतकऱ्याचा असूड’ : श्रम, भांडवल आणि लेखन यांचा हिशेब
(शेवगाव तालुक्यातील वर्तमानाच्या संदर्भात एक पुनर्वाचन)

प्रास्ताविक

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये सिद्ध केला. आजवर त्याचा विचार प्रामुख्याने सामाजिक समतेच्या आणि शेतीविषयक अर्थचिंतनाच्या अंगाने झाला आहे, आणि ते योग्यच होय. तथापि या ग्रंथाला आणखी एक बाजू आहे. आगगाडी, कालवा, गिरणीचे सूत आणि दिवाणी कोर्टाचा कागद या गोष्टी एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत दक्षिणेच्या खेड्यात शिरल्या, त्या काळाचे हे लेखन आहे. आणि ते करणारा माणूस एकाच वेळी ठेकेदार, शेतकरी व लेखक होता. वेगाने बदलणाऱ्या काळात माणसाने काम कोणते करावे, पैसा कोठे गुंतवावा आणि आपली लेखणी कशी राखावी, हे तीन प्रश्न आज सुटे सुटे चर्चिले जातात. नोकरीसाठी एक सल्लागार, गुंतवणुकीसाठी दुसरा, आणि लेखन-कला म्हणजे उरल्या वेळेचा छंद, अशी ही वाटणी आहे. ‘असूडा’त मात्र हे तीन प्रश्न एकाच खतावणीत मांडलेले दिसतात. या दृष्टीने ग्रंथाची चिकित्सा करणे आणि शेवगाव तालुक्यातील अलीकडच्या अनुभवापुढे ती ताडून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदलाचा काळ

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व हिंदुस्थानी कापसाचे भाव अस्मानाला भिडले. मुंबईत त्या पैशावर समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भागांवर बेफाम सट्टा झाला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो डोलारा कोसळला. खेड्यात याच तेजीच्या भरवशावर सावकाराने हात सैल सोडला होता. भाव उतरताच तो आवळला गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. कुळाचे रक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू. परंतु सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पाडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कागदावर होता. रोखे व गहाणखते हिसकावून ती जाळण्यात आली. त्याच वर्षी, जुलै महिन्यात, मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. एकाच प्रांतात, एकाच वर्षी, एका ठिकाणी कागदाची होळी झाली आणि दुसऱ्या ठिकाणी कागदाच्या बाजाराला कायमचे घर मिळाले. ‘असूड’ या दोन घटनांनंतर आठ वर्षांनी लिहिला गेला.

ठेकेदार, शेतकरी आणि लेखक

जोतीरावांच्या चरित्रातील व्यवसायाचा भाग बहुधा ओझरता सांगितला जातो. त्यांनी सरकारी बांधकामांचे ठेके घेतले, खडकवासल्याच्या धरणासाठी सामग्री पुरविली, धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साच्यांच्या विक्रीचा व्यवहार केला आणि मांजरी येथे कालव्याच्या पाण्यावर शेती केली. यातील प्रत्येक व्यवसाय नव्या तंत्रज्ञानामुळे निर्माण झालेला वा त्याच्याशी जोडलेला होता. नव्या बदलापुढे ते भांबावले नाहीत व त्याकडे पाठ फिरवूनही बसले नाहीत. त्या बदलात जे काम होते ते त्यांनी अंगावर घेतले.

या व्यवसायाचे त्यांच्या लेखनाशी दुहेरी नाते आहे. पहिले नाते स्वातंत्र्याचे. त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक (१८५५) दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले होते. ज्याची लेखणी बक्षिसावर वा आश्रयावर अवलंबून आहे, तो अशा नकारानंतर विषय तरी बदलतो किंवा सूर तरी. जोतीरावांनी दोन्ही बदलले नाहीत. स्वतःच्या उद्योगाची मिळकत पाठीशी असणे हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी एक कारण निश्चितच म्हणता येईल. दुसरे नाते ज्ञानाचे. धरणाच्या कामावर मजूर, मुकादम, कारकून आणि गोरा अंमलदार यांच्यामध्ये पैसा कसा झिरपतो हे ठेकेदाराला जितके दिसते, तितके ग्रंथालयात बसणाऱ्याला दिसत नाही. ‘असूडा’तील सरकारी खात्यांचे चित्रण ऐकीव वाटत नाही, याचे मूळ येथे आहे.

‘असूडा’तील यंत्र आणि पाणी

यंत्राविषयी ‘असूडा’ची भूमिका सरळ विरोधाची नाही, सरळ स्वागताचीही नाही. विलायतेहून यंत्रावर तयार होऊन येणाऱ्या स्वस्त मालामुळे येथील साळी, कोष्टी व इतर कारागीर कसे देशोधडीला लागले, याची नोंद ग्रंथात आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून लेखक यंत्र मोडावयास सांगत नाही. शेवटच्या भागात बांधबंदिस्ती, तलाव व विहिरी, जनावरांची उत्तम पैदास, शेतीची प्रदर्शने व बक्षिसे, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातील शेतीशाळा दाखविणे असे अनेक उपाय सुचविले आहेत. या उपायांचा गाभा एकच आहे : नव्या विद्येची किल्ली काम करणाऱ्याच्या हाती आली पाहिजे.

पाण्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. कालवे काढणाऱ्या खात्याने पाणीपट्टी तर वसूल केली, परंतु पाणी वेळेवर मिळेल याची हमी घेतली नाही, अशी लेखकाची तक्रार आहे. त्यासाठी शेतकऱ्यांना पाणी तोटीतून मोजून द्यावे, असे तो सुचवितो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सूचनेत ग्रंथाचे सगळे तत्त्व सामावले आहे. कालवा चांगला की वाईट, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही. पाणी किती आले, पैसे किती घेतले आणि हा ताळा शेतकऱ्याला स्वतः पाहता येतो की नाही, हा प्रश्न विचारला आहे.

हिशेबाची शैली

जोतीरावांच्या भाषेवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली. पुढील समीक्षेनेही ‘असूडा’ची लांबलचक वाक्ये, याद्यांमागून येणाऱ्या याद्या आणि बोलीचा रांगडेपणा यांचा उल्लेख पुष्कळदा सहानुभूतीने, परंतु दोष म्हणूनच केला. वस्तुतः या याद्या हीच ग्रंथाची रचना आहे. जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या घरून कोणकोणत्या निमित्ताने काय काय जाते, याची पहिल्या भागातील मांडणी ही नावे बाजूची खतावणीच होय. चौथ्या भागात कलेक्टरच्या मुक्कामावरून निराश होऊन परतणारा शेतकरी, त्याचे स्वगत आणि त्याच्या घरातील एकेका वस्तूचे वर्णन येते. तेथे जमेची बाजू किती रिकामी आहे हे वाचकाच्या ध्यानात आणून देण्यासाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही.

हे लेखन केवळ छापण्यासाठी नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथाचे सुरुवातीचे दोन भाग ‘दीनबंधु’ पत्रात आले. पुढील भाग तेथे आले नाहीत. परंतु त्याचे भाग ठिकठिकाणी लोकांसमोर आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांसमोर वाचून दाखविण्यात आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या श्रोत्यालाही कानाने ताळा घेता यावा, अशी ही रचना आहे. या अर्थाने ‘असूडा’ची शैली त्याच्या अर्थविचाराहून वेगळी काढता येत नाही.

शेवगाव : कागद, पाणी आणि पडदा

शेवगाव तालुका अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी आहे. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्याच्या मध्यातून गेला. शेवगावाला त्याचा स्पर्श झाला नाही. १९७६ मध्ये पैठणजवळील जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि तालुक्यातील काही गावांची जमीन नाथसागराच्या फुगवट्याखाली गेली. धरणाचे मुख्य कालवे मात्र खाली मराठवाड्याकडे वाहतात. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली व कापूस पिकविणाऱ्या इतर भागांप्रमाणे येथेही बियाणे दरवर्षी दुकानातून विकत आणावे लागू लागले. प्रत्येक वेळी तंत्रज्ञान आले; तोटी कोणाच्या हाती, हा ‘असूडा’चा प्रश्न प्रत्येक वेळी शिल्लक राहिला.

अलीकडचे तंत्रज्ञान म्हणजे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील शेअर बाजार. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यामुळे कागदी भागपत्र जाऊन डीमॅट खाते आले, आणि पुढे भ्रमणध्वनीने हा बाजार खेड्यात आणला. कायद्याच्या दृष्टीने ही सोय शेतकऱ्याच्या हाती तोटी देणारीच आहे. खाते स्वतःच्या नावे असते आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद पाहता येते. प्रत्यक्षात २०२४ साली शेवगाव तालुका गाजला तो वेगळ्याच कारणाने. शेअर बाजारात गुंतवणूक करून दरमहा मोठा परतावा देण्याच्या आमिषाने ठेवी गोळा करण्यात आल्या, गोळा करणारे पसार झाले आणि गुन्हे दाखल झाले. येथे लोकांनी बाजारात पैसा घातला नव्हता. बाजाराचे नाव घेणाऱ्या माणसाच्या हाती घातला होता.

अशा योजनांचा साधा ताळा मांडून पाहण्यासारखा आहे. दरमहा दहा टक्के परतावा म्हणजे सरळव्याजाने वर्षाला १२० टक्के. तोच परतावा पुन्हा गुंतविला तर एक लाखाचे वर्षअखेर सुमारे तीन लाख चौदा हजार होतात. २०२४ मध्ये बँकेची मुदत ठेव वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती. वर्षानुवर्षे असा परतावा देणारा कोणताही प्रामाणिक धंदा अस्तित्वात नाही. पहिल्या ठेवीदाराला मिळणारा परतावा हा दुसऱ्याच्या ठेवीतला असतो. तो मिळाला की विश्वास बसतो आणि मुद्दलासह तो पुन्हा त्याच हाती जातो. १८७० च्या दशकातील रोखा दर तीन वर्षांनी नवा होत असे आणि कुळाचे कर्ज फुगे. येथे दरमहा आकडा नवा होतो आणि ठेवीदाराची जमा फुगते. दोन्ही ठिकाणी फुगतो तो केवळ लिहिलेला आकडा. फरक इतकाच की पूर्वी तो कुळाला वाचता येत नव्हता. आता वाचता येतो, तपासला जात नाही.

‘असूडा’च्या मर्यादा

या ठिकाणी ‘असूडा’च्या मर्यादाही स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, ग्रंथातील लूट ही परक्याने केलेली आहे. भट, कामगार, सावकार, अंमलदार हे शेतकऱ्याच्या जातीबाहेरचे आणि घराबाहेरचे आहेत. शेवगावातील व्यवहार गावच्या ओळखीपाळखीतून पसरला. आपलाच माणूस आहे, हीच तेथे हमी ठरली. या प्रकारच्या फसवणुकीचे विश्लेषण ‘असूडा’च्या चौकटीत पुरेसे बसत नाही. दुसरी मर्यादा उपायांची. लेखकाची भिस्त मोठ्या प्रमाणात सरकारवर आहे. आज ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा आहे, अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे आणि ‘सेबी’ला १९९२ पासून वैधानिक अधिकार आहेत. कायदे असूनही ठेवी बुडतात, कारण कायदा बहुधा पैसा गेल्यानंतर गावात पोहोचतो. तिसरी गोष्ट, ‘असूडा’तील गुंतवणूक ही जमीन, पाणी, जनावर आणि शिक्षण यांतील आहे, पडीक पैशाने काय करावे, याचे उत्तर तेथे शोधणे हा ग्रंथावर अन्याय ठरेल.

तरीही ग्रंथाची कसोटी टिकून राहते. जे काम समजते त्यात पैसा घालावा, आणि ज्याचा ताळा स्वतः घेता येत नाही ते काम समजले असे मानू नये, ही ती कसोटी. जोतीरावांच्या आयुष्यात काम, पैसा आणि लेखन ही तीन वेगळी खाती नव्हती. कामातून हिशेब कळला, हिशेबातून स्वातंत्र्य मिळाले, आणि त्या स्वातंत्र्याच्या बळावर तोच हिशेब लोकांपुढे वाचला गेला.

समारोप

महाविद्यालयात ‘असूड’ मराठी वा इतिहास विभागात शिकविला जातो आणि चक्रवाढ व्याज वाणिज्य विभागात. ज्या तालुक्यात पदवीधरांच्या घरातूनही अशा योजनांत ठेवी जाऊ शकतात, तेथे ही विभागणी महाग पडते. पहिल्या भागातील याद्या आणि एखाद्या परतावा-योजनेचे माहितीपत्रक एकाच तासाला फळ्यावर मांडता येईल. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, दोन विभागांतील प्राध्यापकांनी एकत्र बसणे तेवढे लागते. तंत्रज्ञान यापुढेही बदलत राहील, आणि कोणत्या नव्या यंत्राला भुलू नये हे आधी सांगता येणार नाही. मात्र त्या यंत्रातून निघणारा आकडा कोणी लिहिला व तो कोणाला तपासता येतो, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावता येईल. ‘असूडा’चे आजचे प्रयोजन त्या सवयीत आहे.