एका शब्दावरचें ओझें

शास्त्रीय परिभाषेचा वाद मराठींत जुना आहे. एक पक्ष म्हणतो, शब्द संस्कृतांतून घडवावे. दुसरा म्हणतो, इंग्रजी शब्द जसेच्या तसे उचलावे. माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ सालीं निघाला व दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ सालीं. पुढें १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झालें आणि त्यानें अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. इतकें होऊनही वाद जागचा हललेला नाहीं. याचें कारण आमच्या मतें असें कीं, तो चुकीच्या मैदानावर लढला जात आहे. शब्द कोणत्या कुळांतला, हा प्रश्न दुय्यम होय. ज्या दोन गोष्टी शास्त्र निराळ्या मानतें, त्या आपले शब्द निराळ्या ठेवतात कीं नाहीं, हा प्रश्न पहिला. औषधनिर्मिति व जैवतंत्रज्ञान यांच्या मराठी परिभाषेला हीच कसोटी आम्ही येथें लावून पाहणार आहों.

या परिभाषेंत यशस्वी शब्द नाहींत, असें मुळींच नाहीं. ‘जनुक’ हा शब्द पाहावा. तो ‘जन्’ धातूशीं नातें सांगतो, कानाला ‘जीन’ची आठवण देतो, आणि ‘जनुकीय’, ‘जनुकशास्त्र’ अशी प्रजाही त्याला सहज होते. ‘लस’ हा शब्द तर कोणा पंडितानें घडविलेला नव्हे. फोडांतून पाझरणाऱ्या द्रवाला मराठी माणूस लस म्हणत असे. देवी टोचण्याच्या काळांत तोच शब्द औषधाला चिकटला. आज ज्या लशी प्रयोगशाळेंत तयार होतात त्यांचा फोडाशीं कांहीं संबंध उरलेला नाहीं, तरी शब्द अडखळत नाहीं. व्युत्पत्ति खरी असलीच पाहिजे असें नाहीं. बोट नेमकें वस्तूवर ठेवतां आलें म्हणजे पुरे.

आतां दुसरी बाजू. ‘निर्जंतुकीकरण’ या एका शब्दावर आपण जें ओझें लादलें आहे, तें कोणत्याही शब्दाला पेलण्याजोगें नाहीं. २०२० सालच्या महामारींत रस्त्यांवर औषध फवारलें, तें निर्जंतुकीकरण. हाताला मद्यार्काचा द्रव चोळला, तेंही निर्जंतुकीकरण. आणि शिरेंत टोचावयाच्या औषधाची कुपी बाष्पपात्रांत तापविली, तेंही निर्जंतुकीकरणच! इंग्रजीत या तीन क्रियांना सॅनिटायझेशन, डिसइन्फेक्शन आणि स्टेरिलायझेशन अशीं तीन नांवें आहेत, व त्यांतील भेद केवळ शाब्दिक नाहीं. पहिलींत जंतूंची संख्या धोक्याच्या मर्यादेखालीं आणावयाची असते. दुसरींत बहुतेक रोगजंतु मारावयाचे असतात, पण कित्येक जीवाणूंचे चिवट बीजाणु त्यांतून वांचतात. तिसरींत जिवंत असें कांहींच उरूं द्यावयाचें नसतें. मद्यार्क या बीजाणूंना मारीत नाहीं. साध्या उकळीलाही त्यांतले कांहीं दाद देत नाहींत. म्हणूनच दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटें टिकविण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे हाताला लावलेला द्रव आणि कुपीला दिलेली वाफ यांच्यामध्यें जीवन-मरणाचें अंतर आहे, व आपली भाषा तें अंतर पुसून टाकीत आहे.

हें अंतर किती महाग पडूं शकतें, याचें उदाहरण मुंबईच्या इतिहासांतच आहे. प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळ येथें आली. १९०२ च्या ऑक्टोबरांत तेथील लस पंजाबांतील मलकोवाल गांवीं टोचण्यांत आली, व एकाच बाटलींतून टोचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका हाफकिन यांजवर आला. प्रयोगशाळेंत लशींत कार्बोलिक आम्ल न घालतां केवळ उष्णतेवर विसंबल्याचा आक्षेप घेण्यांत आला, आणि त्यांचें पद गेलें. पुढें उघड झालें तें असें कीं, दोष परळास घडलेला नव्हता. गांवीं बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो पुरेसा शुद्ध न करितांच वापरण्यांत आला होता. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. धनुर्वाताचा जंतु मातींत बीजाणुरूपानें राहतो. चिमटा ‘स्वच्छ’ असणें आणि तो ‘निर्जंतुक’ असणें या दोहोंच्या मधल्या फटींतून एकोणीस जीव गेले.

हा प्रश्न आम्हांस नेसरीस बसून विशेष जाणवतो. गडहिंग्लज तालुक्यांतील हें गांव इतिहासाच्या वाचकांस प्रतापराव गुजरांमुळें व १६७४ सालामुळें ठाऊक आहे. आजची येथील मुलें दहावीपर्यंत शास्त्र मराठींत वाचतात, व त्यांतलीं कांहीं पुढें पुणें किंवा गोवा येथील औषधांच्या कारखान्यांत कामास लागतात. तेथील लेखी नियम इंग्रजीत, आणि त्यांचा तोंडी उलगडा मराठींत. उलगडा करणाऱ्यापाशीं जर तिन्ही क्रियांना मिळून एकच मराठी शब्द असेल, तर ऐकणाऱ्याच्या मनांत तीन कल्पना कोठून याव्यात? तो नियमाखालीं सही करील. पण नियम त्याचा होणार नाहीं.

येथें दुसरा पक्ष विचारील, मग इंग्रजी शब्दच कां नकोत? आमची त्यांना बंदी नाहीं. ‘बॅच’ हा शब्द कारखान्यांत रुळला आहे व तो खुशाल राहावा. परंतु शब्द उचलला म्हणजे अर्थ आपोआप मागून येतो, हा समज खोटा आहे. बॅच म्हणजे काय, हें आमच्या मुलांना ‘समूह’ म्हणून कळत नाहीं, ‘तुकडी’ म्हणूनही कळत नाहीं. भज्यांचा घाणा किंवा गुऱ्हाळांतलें आदण म्हटलें कीं तत्काळ कळतें. एका काहिलींत, एका जाळावर, एका वेळीं जें तयार झालें, त्या सर्वांचा गुणदोष एक. आदण करपलें तर त्यांतली एखादी ढेप निवडून ठेवतां येत नाहीं. औषधाच्या वेष्टनावर बॅचचा क्रमांक कां छापतात, याचें याहून चांगलें विवरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. वेष्टनावर ‘आदण क्रमांक’ छापा, असें आमचें म्हणणें नव्हे. शिकवितांना मात्र हा शब्द हाताशीं असावा.

निर्जंतुकीकरणाविषयीं आमची सूचना साधी आहे. ‘निर्जंतुक’ हा शब्द केवळ तिसऱ्या, पूर्ण अर्थासाठीं राखून ठेवावा. दुसऱ्या क्रियेस ‘जंतुनाशन’ म्हणावें. ‘जंतुनाशक’ हा शब्द घरोघरीं आहेच. रस्ते व हात यांच्यासाठीं ‘जंतुशमन’ म्हटलें तरी भागेल. राहिली चौथी कल्पना, निर्जंतुक झालेल्या वस्तूला पुन्हा कशाचाही स्पर्श होऊं न देण्याची. तिच्याजवळ जाणारा जुना शब्द आपल्या घरांत होता: सोवळें. धुतलेलें असूनही शिवलें तर चालत नाहीं, ही कल्पना त्यांत नेमकी आहे. तरी आम्ही तो सुचविणार नाहीं. त्या शब्दानें पिढ्यान्‌पिढ्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभें केलें. ज्या कारखान्यांत सर्व जातींचे हात एका कुपीसाठीं राबतात, तेथें त्याला जागा नाहीं. ‘निर्जंतुक करणें’ याच्या जोडीला ‘निर्जंतुक राखणें’ एवढें क्रियापद पुरें आहे.

आमच्या कोशांनीं इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवण्याचें काम पुष्कळ केलें, व त्याबद्दल आपण ऋणी आहों. आतां त्यांनीं मराठी शब्दाशेजारीं मराठी शब्द ठेवून, हा येथें संपतो व तो येथून सुरू होतो, अशी शींव आंखून द्यावी. शेताची शींव पुसट झाली तर भांडण होतें. या शब्दांची पुसट झाली तर काय होतें, तें मलकोवालनें दाखविलें आहे.