उचल

‘सबनॉटिका’ मी संपवला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. सत्तरेक तास त्या परक्या समुद्रात घालवून शेवटी बाहेर पडले. रॉकेट उडालं, पाणी खाली राहिलं, श्रेयनामावली सरकत गेली, आणि मग एक सौम्य, हापिशी आवाज आला: तुमच्या नावावर एक ट्रिलियन क्रेडिट्सची थकबाकी आहे, ती चुकती केलीत की यान उतरवायची परवानगी मिळेल. एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. (गेम पूर्ण स्वरूपात आला जानेवारी २०१८मध्ये. रहस्यभेदाची तक्रार आता कुणी करू नये.)

विनोदच आहे तो, आणि चांगला आहे. पण मला हसू आलं नाही. नोकरीच्या बाँडचे तेव्हा माझे सात महिने उरले होते. हसू का आलं नाही ते शोधत मी गेम पुन्हा पहिल्यापासून खेळले, आणि तो मला तेव्हा कुठे कळला.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. ‘ऑरोरा’ नावाचं अवाढव्य अंतराळयान ४५४६बी या ग्रहावर कोसळतं. ग्रह जवळजवळ सगळा पाण्याखाली. तुम्ही एका लाइफपॉडमध्ये शुद्धीवर येता, वरचं झाकण उघडता, आणि चहूकडे समुद्र, एका बाजूला जळणारं ऑरोरा. तुमचं नाव रायली रॉबिन्सन. यानावरचा हुद्दा ‘अनावश्यक यंत्रणांच्या देखभालीचा प्रमुख’. (मी ज्या टीममध्ये होते ती कंपनीचं रजा भरायचं पोर्टल सांभाळायची. रायलीशी माझं तिथेच जमलं.) हातात एक पीडीए, जो ‘अल्टेरा’ या तुमच्या मालक कंपनीच्या भाषेत बोलतो: डोक्याला किरकोळ मार लागला आहे, हा सर्वोत्तम निकाल समजला जातो, वगैरे. पॉडमध्ये एक फॅब्रिकेटर, म्हणजे कच्चा माल घालून वस्तू काढायचं यंत्र. नकाशा नाही. बंदूक नाही. आणि श्वास पंचेचाळीस सेकंदांचा.

पुढचं सगळं या पंचेचाळीस सेकंदांवर उभं आहे. पहिल्या तासात मी काय केलं? बुडी मारली, चुनखडीचा गड्डा फोडला, टायटेनियम निघालं, बाजूला अजून एक दिसला, तिकडे गेले, तो फोडला, तांबं निघालं, खाली गुहेच्या तोंडाशी काहीतरी चमकलं, आणि वर पाहिलं तर उजेड फार लांब. परतीच्या वाटेवर दृश्याच्या कडा काळ्या होऊ लागतात. पाण्याबाहेर डोकं निघाल्यावर पात्र जो श्वास ओढतं, तो मी खुर्चीत बसून ओढला. तीन टायटेनियमची एक टाकी बनवली की तीस सेकंद वाढतात. वाढलेल्या तीस सेकंदांत तुम्ही तीस सेकंदांइतकं आणखी लांब जाता आणि पुन्हा तितकेच अडचणीत येता. शंभर मीटरखाली ऑक्सिजन जास्त वेगाने संपतो, मग त्यासाठी रीब्रीदर शोधा.

मराठीत याला नेमका शब्द आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घेतात, त्याला उचल म्हणतात. आधी घ्यायचं, मग फेडत राहायचं, आणि फेडता फेडता पुढच्या हंगामाची उचल घ्यायची. तिथे माणसांची आयुष्यं जातात आणि इथे फक्त माझा शनिवार गेला, हे मला कळतं. पण रचना तीच आहे. श्वास तुमचा नाही, तो पृष्ठभागाकडून आगाऊ घेतलेला आहे.

हे इतकं ओळखीचं वाटलं त्याला आणखी एक कारण होतं. मी पोहायला विहिरीत शिकले. आजोबांच्या काळी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे, माझ्या पाठीला मामाने तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला. कॅन सुटला की पुढची परीक्षा तळाची: बुडी मारायची आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं, नाहीतर तळ गाठला हे कुणी मानायचं नाही. खाली पाणी एकदम गार होतं, कानात दडे बसतात, हात गाळात जातो आणि नेमकं तेव्हाच लक्षात येतं की आता सगळं अंतर परत कापायचं आहे. वर आल्यावर मूठ उघडून दाखवायची. मग तो गाळ पाण्यात सोडून द्यायचा. गेमचे पहिले दहा तास म्हणजे ही विहीर, तंतोतंत. फरक एवढाच की इथे गाळ सोडून देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात.

भीतीबद्दल आधी बोलते, कारण या गेमचा लौकिक भीतीचा आहे. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी सांगितलं आहे की गेममध्ये बंदुका न ठेवण्याच्या निर्णयामागे डिसेंबर २०१२मधलं सँडी हूक शाळेतलं हत्याकांड होतं. हिंसक गेममुळे हिंसा होते असा त्यांचा दावा नव्हता, जगातल्या बंदुकांत आपण भर घालायची नाही एवढंच. कारण नैतिक असलं तरी परिणाम पूर्णपणे कलात्मक झाला आहे. रीपर लेव्हायथन हा पंचावन्न मीटरचा प्राणी आधी ऐकू येतो, गढूळ पाण्यातून, आणि दिशा कळत नाही. बंदूक असती तर तो ‘बॉस’ झाला असता, म्हणजे एकदा मारून विसरून जायची गोष्ट. इथे तो हवामानासारखा आहे. अमुक भागात तो असतो, तिथून जायचं तर दिवे बंद करून, तळाला धरून जायचं. नकाशा नसल्यामुळे हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. मी वहीत लिहायचे: ‘ऑरोराच्या मागे नको. लाल गवत संपलं की उजवीकडे.’ इतका साधा आणि इतका धीट निर्णय मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या गेममध्ये पाहिलेला नाही.

मधला भाग मात्र ढिला आहे, आणि तो का ढिला आहे हे इंजिनिअर म्हणून मला चटकन दिसलं. सीमॉथ ही छोटी पाणबुडी बनवायची तर टायटेनियमची वीट हवी, म्हणजे दहा टायटेनियम. पॉवर सेल हवा, म्हणजे दोन बॅटऱ्या आणि सिलिकॉन रबर. बॅटरीला तांबं आणि आम्लाच्या अळंब्या, रबराला क्रीपवाइनच्या चमकत्या बियांचे घोस. काच हवी, म्हणजे क्वार्ट्झ. वंगण आणि शिसं वेगळंच. हे डिपेंडन्सी ट्री आहे, आणि ते सोडवण्यात मजा आहे हे मी नाकारत नाही, माझं पोट त्याच्यावर भरतं. पण सीमॉथ मिळाली की श्वासाचा प्रश्न सुटतो. सायक्लॉप्स ही मोठी पाणबुडी मिळाली की समुद्र खिडकीबाहेर जातो आणि तुम्ही आत लॉकर लावत बसता. माझ्याकडे एक लॉकर फक्त क्वार्ट्झचा होता. कशासाठी? ठाऊक नाही. क्वार्ट्झ दिसला की उचलायचा, एवढंच हाताला माहीत होतं.

अशात कधीतरी पीडीए बोलतो. या भागातले खाणकामाचे हक्क अल्टेराकडे आहेत, तुम्ही उचललेल्या मालाची पूर्ण बाजारभावाने भरपाई तुम्हाला करावी लागेल, सध्याचं बिल तीस लाख क्रेडिट्स. मेलेल्या यानातल्या जिवंत राहिलेल्या माणसाला. पहिल्या वेळी मी हे अर्धवट ऐकलं, कारण मी क्वार्ट्झ शोधत होते. दुसऱ्या वेळी थांबले. शेवटचा विनोद गेमने इतक्या आधी सांगून ठेवला होता आणि मी लॉकर भरत होते. अल्टेरा ज्या नजरेने ग्रहाकडे पाहते, त्याच नजरेने तासन् तास पाहायला गेमने मला शिकवलं होतं, आणि त्यात मला आनंद होत होता. इथे गेमला पेचात पकडावं असं मला वाटतं. तो कंपनीची टिंगल करतो, पण त्याची सगळी गोडी कंपनीच्याच कामात आहे. बिल शेवटी आकडा म्हणून येतं. एक लाख कोटींचं कर्ज कुणी फेडत नसतं, म्हणून हसता येतं. ते जर तीन वर्षांच्या पगाराइतकं असतं तर?

माझं दीड लाख होतं. कॉलेज कॅम्पसमधून घेतलं तेव्हा दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरायचा. प्रशिक्षण म्हणजे सहा आठवडे एका हॉलमध्ये बसून रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाहणं. गेम संपवल्यावर महिन्याभरात मी राजीनामा दिला. शूर वगैरे काही नाही, झोप लागत नव्हती आणि डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं होतं. फुल अँड फायनल सेटलमेंटचा कागद आला त्यात दीड लाखाच्या खाली वेगळी ओळ होती, लॅपटॉपच्या बॅगेची. बॅग मी परत केली होती, चेन तुटलेली होती म्हणून ती धरली नव्हती. बाबांनी काही न विचारता एफडी मोडली. त्यांचे ते पैसे फेडायचे का, हा विषय मी अजून त्यांच्याकडे काढू शकलेले नाही.

गेमकडे परत येते, कारण तिथे एक गोष्ट आहे जी पहिल्या वेळी माझ्या नजरेतून पूर्ण निसटली. तुम्हाला खारा नावाच्या जिवाणूचा संसर्ग झालेला असतो आणि तो आहे तोवर ग्रह तुम्हाला सोडत नाही. वाचवायला येणारं ‘सनबीम’ हे यान तर तुमच्या डोळ्यांदेखत ग्रहावरची तोफ उडवते. उपाय चौदाशे मीटरच्या आसपास, लाव्हाच्या तळाशी, परग्रहवासीयांनी बांधलेल्या एका हौदात आहे. तिथे सी एम्परर ही प्रचंड मादी सुमारे हजार वर्षं कैदेत आहे. तिच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडत नाहीत, म्हणून तिला कोंडणाऱ्यांना हवं ते विकर कधी मिळालंच नाही. ती तुमच्या मनात बोलते आणि मदत मागते. तुम्ही पाच वनस्पती गोळा करून आणता, पिल्लं बाहेर येतात, मोकळ्या समुद्रात जातात आणि जाताना तुम्हाला बरं करतात. आई मरते.

या प्रसंगाचं तंत्र इतर शंभर प्रसंगांसारखंच आहे: यादी, गोळाबेरीज, फॅब्रिकेटर. पण हिशेबाचा कागद नाही. तिला तुमच्याकडून मिळतं, तुम्हाला तिच्या पिल्लांकडून, आणि कुणी नोंद ठेवत नाही. दोन देणी गेमने समोरासमोर ठेवली आहेत, एक जी वही ठेवते आणि एक जी ठेवत नाही. दुसरं अधिक ठसठशीत करायला हवं होतं. लेखकांनी एम्पररच्या तोंडी जरा जास्तच गंभीर वाक्यं दिली आहेत आणि अल्टेराला सगळे चांगले विनोद. त्यामुळे लक्षात विनोद राहतो.

मात्र एक जागा आहे जिथे खेळणाऱ्यालाच काही देता येतं. रॉकेट उडवण्याआधी त्यात एक टाइम कॅप्सूल ठेवता येते: सहा वस्तू, एक फोटो, चार ओळी. ती तुम्हाला परत मिळत नाही. कुठल्यातरी दुसऱ्या खेळाडूला, त्याच्या समुद्रात, अचानक सापडू शकते. दुसऱ्या खेपेला मला एक सापडली. खोल पाण्यात, टाकीत हवा कमी असताना. आत दोन बॅटऱ्या, पाणी, एक माणिक, आणि इंग्रजीत मोडकातोडका निरोप की इथून पुढे डावीकडे जाऊ नकोस. मी डावीकडेच निघाले होते.

पहिल्या खेपेला मी कॅप्सूल रिकामी सोडली होती, घाईत. या वेळी लॉकर उघडून बसले. बॅटऱ्या ठेवल्या, पाणी ठेवलं, प्रथमोपचार पेटी ठेवली. एक जागा उरली होती. तिथे क्वार्ट्झचा एक तुकडा ठेवला, उरलेले चाळीसेक तिथेच सोडले, आणि निरोपात लिहिलं की हे मी काढलंय, कुणाला सांगू नकोस.