'स्नेक ऑइल' म्हणण्यापूर्वी

फसव्या औषधाला 'स्नेक ऑइल' म्हणण्याची इंग्रजी रीत आता मराठी विज्ञानलेखनातही दिसते. तिचा उगम मात्र विसरला जातो. अमेरिकेत क्लार्क स्टॅन्ली दुखऱ्या अंगाला चोळण्यासाठी 'सर्पतेल' विकत असे. सरकारी पृथक्करणात त्यात मुख्यतः हलके खनिज तेल, थोडी चरबी व मिरचीचा अंश आढळला. १९१६ साली त्याला २० डॉलर दंड झाला. म्हणजे ते तेल खोटे ठरले ते पृथक्करणामुळे. आपण मात्र नुसती नावे ठेवतो आणि तपासणी झाली असे समजतो. हा शब्द वर्गात आलाच, तर शिक्षकांनी विचारावे: बाटलीत काय आहे, दावा कोणता आहे आणि तो कसा तपासला? उत्तर नसेल, तर शब्द मागे घ्यावा.