धरलेला खांदा, जाणता हात

मुंबई–गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता फुटतो त्या नांदगाव तिठ्याच्या आसपास, कुठल्याही वाडीत खांदा धरलेली पन्नाशीची एखादी काकी भेटतेच. विळीवर नारळ खवता येतो. अंबाडा घालायला मात्र हात मागे जात नाही. मधुमेह असेल तर हे दुखणे अधिकच गाठते. अशा खांद्यावर जाणती फिजिओथेरपिस्ट हात चालवते, ते मी मैफल ऐकावी तसे बघत राहतो.

ती दुखरा हात वर ओढत नाही. काकींना उताणे निजवते, कोपर आपल्या अंगाशी धरून हाताचा सगळा भार स्वतःवर घेते. मग अंगठा आणि तर्जनीमधला बेचका खांद्याच्या टोकाखाली टेकवते आणि दाब देते तो पायांच्या दिशेने, हेलकाव्यांनी. हात वर जायला हवा, आणि दाब खाली! सगळी खुबी इथेच आहे. हात बाजूने वर जातो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत वर गडगडतो आणि त्याच वेळी खाली घसरतो. सांध्याचे आवरण आखडले की हे घसरणे अडते, माथा वरच्या हाडाला भिडतो. अडलेली ती घसरण, काही मिलिमीटरांचीच, तो बेचका सोडवत असतो.

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी (कण्यावरचे त्यांचे पुस्तक 1964 चे) अशा हेलकाव्यांच्या चार पायऱ्या लावून दिल्या. वेदना जास्त असेल तर पहिल्या दोन, अडथळ्याच्या अलीकडेच, सेकंदाला दोन-तीन हलके झोके. वेदना ओसरून ताठरपणा उरला की पुढच्या दोन, अडथळ्यात शिरणाऱ्या; चौथी तर अगदी टोकाला, बारीकशी. कोणती केव्हा, हे मात्र बोटांनीच ओळखायचे. स्नायू घट्ट झाला, काकींनी श्वास धरला, की हात लगेच एक पायरी उतरतो. ‘काकी, दुखता काय?’ हा प्रश्न त्यानंतर येतो.

म्हणूनच हाड बसवणाऱ्याचा कडकन हिसका मला पटत नाही, आणि शेकाचे यंत्र लावून पलीकडच्या खोलीत निघून जाणेही नाही.

शेवटी हात पुन्हा वर नेऊन बघतात. चार बोटे जास्त गेला तर तेवढे घरी राखायचे: भिंतीवर बोटांनी चढत जायचे, रोज. धरलेला खांदा पुरता सुटायला वर्ष-दोन वर्षेही लागतात, आणि चांगली थेरपिस्ट हे काकींना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.